बेचाळीस मिलिमीटर

रविवारी सकाळी आईनं परातीत पाणी घेतलं, त्यात साबणदाणीचं झाकण सोडलं, झाकणात पणती ठेवली, आणि ते उलटलं. एवढंच झालं. धड आवाजही नाही आला. पणतीतलं तेल पाण्यावर पसरलं, वात परातीच्या तळाले जाऊन बसली, आणि आई हसली. "अरे बापा, हे तं पलटी खाते," ती म्हणाली. दुसरं झाकण घेतलं, पणती बोटानं इकडे तिकडे सरकवून पाहिली. "मधात ठेवलं तं राहते. काठाले सरकलं का गेलं. शिशिर, तू इन्स्पेक्टर ना रे, पाय बरं." मी पोहे खात होतो. घास तोंडातच राहिला आणि तोंडात एकदम माशाची चव आली. पोह्यात मासा कुठून येणार. अडीच महिन्यांपूर्वीचा मासा होता तो. दात घासले, जीभ घासली, मधे दिवाळीचा फराळ होऊन गेला, संक्रांतीचे तिळाचे लाडू झाले, तरी तो कुठंतरी दाढेच्या मागं बसून होता आणि परातीतलं ते तेल पाहून वर आला.

आई त्या परातीसमोर बसून बुधवारची तयारी करून राहिली होती. बुधवारी मंडळातल्या छत्तीस बायका बांधावर, म्हणजे धरणावर, जाणार होत्या, दीड तासाचा बसचा रस्ता. दरवर्षी हळदीकुंकू मंडळाच्या हॉलमधे होते. यावर्षी गोदावरीकाकूंच्या डोक्यातून निघालं की बोटीवर करू. बोट पाण्याच्या मधात न्यायची, तिथं थांबवायची, आणि सगळ्या जणींनी मिळून नदीची ओटी भरायची. नारळ, खण, तांदूळ. वाण म्हणून साबणदाणी, तिच्या झाकणात पणती ठेवून पाण्यात सोडायची, म्हणजे फोटो चांगले येतात. आईले या सगळ्यात एकच गोष्ट महत्त्वाची होती. तिनं मंडळाच्या ग्रुपवर आवाजात मेसेज टाकला होता, मी स्वतः ऐकला: "कोणी भेव नका वो, बोट माझ्या शिशिरनंच पास केलेली आहे. सरकारी सही आहे त्याची." त्याखाली अठ्ठावीस नमस्कार आणि फुलं.

ओटी एका बाजूनंच भरतात. चहूकडून नाही. जिकडून काकू भरतील तिकडून सगळ्या भरतील. छत्तीस जणी, एका कठड्याले टेकून, वाकून. मी पोहे तसेच ठेवून उठलो. "काय झालं?" आईनं विचारलं. मी म्हटलं, मीठ जास्त झालं.

रायपुरात बोटी तपासायचा इन्स्पेक्टर असतो हे कोणाले सांगितलं की आधी हसतात. समुद्र कुठं आहे बे इथं, म्हणतात. नातेवाईक मले नळाचा इन्स्पेक्टर समजतात. तेलीबांध्याच्या एका मावशीनं मले लग्नात भर पंगतीत धरलं होतं, आमच्या तिसऱ्या माळ्यावर पाणी चढत नाही, तू काही कर ना. बाबा म्हणजे यशवंतराव, रेल्वेच्या मालधक्क्यावर बत्तीस वर्षं क्लार्क, ते अजून म्हणतात, "रेल्वेत लागला असता तं सांगायले सोपं गेलं असतं." पण काम खरंच आहे. नदीवर घाटाच्या बोटी चालतात, बांधावर फिरायच्या बोटी चालतात. त्यांचं लाकूड, पत्रा, इंजिन पाहायचं, किती माणसं बसतील तो आकडा ठरवायचा, आणि बोट तिरपी करून पाहायची. ही शेवटली चाचणी खरी. माणसांच्या वजनाच्या वाळूच्या बोऱ्या बोटीत भरायच्या, छतापासून ओळंबा टांगायचा, खाली लाकडी पट्टीवर मिलिमीटरच्या खुणा. मंग सगळ्या बोऱ्या एका बाजूले सरकवायच्या आणि ओळंबा किती सरकला ते लिहायचं, कठडा, म्हणजे बोटीची कड, पाण्याच्या किती वर उरली ते लिहायचं. कारण माणसं बोऱ्यांसारखी गप बसत नाहीत. मगर दिसली म्हणून, पक्षी दिसला म्हणून, सेल्फी म्हणून एका बाजूले पळतात. ट्रेनिंगमधे एका म्हाताऱ्या सरांनी सांगितलं होतं, बोट पाण्यानं बुडत नाही, बघायच्या हौसेनं बुडते. मी ते वहीत लिहून ठेवलं होतं. खाली दोन रेघा मारल्या होत्या. आता त्या दोन रेघा आठवल्या की मले स्वतःची शिसारी येते.

नोव्हेंबरात ती बोट तपासायले गेलो तेव्हा ऊन चांगलंच होतं. ठेकेदारानं बोटीवर नवीन छत टाकलं होतं, लोखंडी पाइपांचं, आणि छतावर माणसाच्या उंचीची लोखंडी अक्षरं, लाल रंगाची, मधात बदाम. आय लव्ह आणि बांधाचं नाव. आजकाल प्रत्येक गावाले ते लागते. सिलतऱ्याच्या कारखान्यातून ट्रकमधे आली होती म्हणे. बोट चालवणारा देवीदास, पन्नाशीचा, गळ्यात गमछा, यानं मले बाजूले घेऊन सांगितलं, "साहब, जब से ये अक्षर चढ़े हैं, डोंगा झूमता है. मोड़ पे झूमता है. आप देख लेना." मी म्हटलं, पाहतो. वाळूच्या बोऱ्या कुठं आहेत? बोऱ्या नव्हत्या. साठ बोऱ्या लागतात, चाळीस माणसांच्या. ठेकेदाराच्या माणसानं सांगितलं, कल भिजवा देंगे साहब. मी गंगाधर साहेबांना फोन लावला. हे माझे वरचे, नागपूरचे, माझ्याशी मराठीतच बोलतात, त्यामुळे मले ते घरचे वाटतात, त्यामुळेच घोळ होतो. ते म्हणाले, "अबे, दोन बोऱ्यांसाठी परत जातो का तिथं? मागच्या महिन्यात त्याच साइजची दुसरी बोट केली ना तू? तेच आकडे टाक. लांबी सारखी, रुंदी सारखी." मी म्हटलं, सर, तिच्यावर छत नव्हतं. ते म्हणाले, "छत म्हणजे सावली रे. सावलीले वजन असते का?" आणि हसले. मीही हसलो. हे मले नीट आठवते, की मीही हसलो. झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मी रकान्यात लिहिलं: ओळंबा सरकला, बेचाळीस मिलिमीटर. कठडा शिल्लक, अकरा इंच. समाधानकारक. देवीदास थोडा दूर उभा होता. त्यानं मले लिहिताना पाहिलं. गमछ्यानं तोंड पुसलं आणि दोर आवळायले गेला.

निघताना माझ्या स्कूटरवर पाय ठेवायच्या जागी एक रोहू ठेवलेला होता. सिमेंटच्या बोरीत गुंडाळलेला, शेपटी बाहेर. कोणी दिला, कोणी सांगितलं, काही नाही. मी नको म्हणू शकलो असतो. कोणाले नको म्हणायचं तेच कळलं नाही, असं मी तेव्हा स्वतःले सांगितलं. दीड तासाच्या रस्त्यात तो बोरीतून हळूहळू सरकून माझ्या बुटावर येऊन टेकला. थंड. ओला. सिग्नलले थांबलो की मी पायानं त्याले मागं सारायचो, आणि गाडी चालली की तो परत यायचा.

घरी आई खूश झाली. "कोणी दिला?" बांधावरच्या लोकांनी, मी म्हटलं. "मोठा मान देतात तुले," ती म्हणाली. तिनं राखेनं चोळून खवले काढले. खवले मोरीत, भिंतीवर, तिच्या हातावर. एक खवला तीन दिवस बाथरूमच्या फरशीले चिकटून होता, नखासारखा. मुंडकं ती स्वतःसाठी ठेवते, तिले ते आवडते, बोटांनी उघडून, गालाची चरबी, डोळ्यामागचं मऊ, सगळं. मी समोर बसून माझा तुकडा खाल्ला. चव चांगली होती, हे सांगून टाकतो. वाईट असती तर बरं झालं असतं.

आमच्या घराले असं खायची सवय जुनी आहे. गुढ़ियारीत राहायचो तेव्हा बाबा मालधक्क्यावरून वानगी आणायचे. तांदळाच्या बोऱ्या वॅगनमधे चढायच्या आधी लोखंडी टोचा खुपसून मूठभर नमुना काढतात, त्याले वानगी म्हणतात. पाहून झाल्यावर ती परत बोरीत जात नाही. क्लार्क लोकांच्या पिशवीत जाते. कोणी याले चोरी म्हणत नव्हतं, रीतच होती. दिवसाच्या तीस-चाळीस बोऱ्यांतली मूठ मूठ, दुबराज, सरना, उसना, जुना, नवा, सगळं एका पिशवीत. त्याचा भात आई करायची आणि तो भात कधीच एकसारखा शिजायचा नाही. एक शीत लगदा, दुसरं कच्चं. दाताखाली एकदम टण्णकन लागायचं. मी लहान असताना मले वाटायचं भात असाच असतो. पहिल्यांदा एका मित्राच्या घरी जेवलो, सगळी शितं सारखी, मऊ, मले ते बेचव वाटलं. घरी येऊन सांगितलं तर आई म्हणाली, "त्यांचा विकतचा असते." विकतचा हा शब्द ती अशी म्हणाली की जणू त्यांचंच काही चुकलं. त्या वेळी तिच्या तोंडावर काय होतं ते मी पुष्कळदा आठवून पाहिलं. लाज होती का? मले वाटते नव्हती. मले वाटते मीच आता ती तिथं ठेवून पाहतो.

रविवारी दुपारी साहेबांना फोन केला. सर, ती बोट एकदा परत पाहायची होती. "काहून?" ते म्हणाले. मी म्हटलं, बुधवारी छत्तीस बायका आहेत, एका बाजूनं ओटी भरणार. ते म्हणाले, "चाळीसची बोट, छत्तीस बायका. गणित येते ना तुले? चार तं उरल्या." मी म्हटलं, चाचणी केली नव्हती सर. मंग ते एकदम प्रेमानं बोलले, "शिशिर, हे तू फोनवर नको बोलत जाऊ. सही तुझी आहे. माझी फक्त खाली प्रतिस्वाक्षरी आहे." तो शब्द त्यांनी असा स्वच्छ उच्चारला की मी फोन कानापासून दूर धरला. कान ओला झाल्यासारखा वाटला.

मंग आईले थांबवायचा प्रयत्न केला. थंडी आहे, म्हटलं. ती म्हणाली, शाल नेऊ. म्हटलं, हॉलमधेच करा. ती म्हणाली, "तुले माहीत नाही. गोदावरीताई सात पिढ्यांची इथली, भोसल्यांसोबत आलेलं घराणं त्यांचं, आपल्याले अजून रेल्वेवाले म्हणतात त्या. पहिल्यांदा विचारलं त्यांनी मले, वनमाला, तुझा मुलगा पाहील ना? आता मी काय सांगू त्यांले? का थंडी आहे?" तिचे हात कुंकवाच्या पुड्या बांधून लाल झाले होते. मले त्याच वेळी सांगता आलं असतं. एक वाक्य होतं. मी ते सोमवारी दाढी करताना म्हटलं, आरशात. मंगळवारी नवा रायपूरच्या ऑफिसमधे जिन्यात म्हटलं. मंगळवारी संध्याकाळी आई काळी साडी इस्त्री करून राहिली होती, मी दारात उभा राहिलो, ती म्हणाली, "काय रे?" आणि मी म्हटलं, मीही येतो उद्या. तिचं तोंड असं फुललं की मले किळस आली. तिची नाही. माझीच.

बसमधे सगळ्या काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, उखाणे. मी पुढे ड्रायव्हरजवळ, मांडीवर बॅग, बॅगेत ओळंबा. देवश्री म्हणून काकूंची नवी सून, ती मराठी समजते पण उत्तर हिंदीत देते. तिनं उखाणा हिंदीत घेतला आणि सगळ्या खदखदून हसल्या. आई म्हणाली, "साहेब मागं पाहा, तुमच्या बोटीचे प्यासेंजर." अजून हसल्या. आई एवढी कधी बोलत नाही.

घाटावर देवीदासनं मले ओळखलं. नमस्कार केला, डोळे नाही मिळवले. "देवीदास भैया," मी म्हटलं, "दोनों रस्सी बांध के रखो. आगे की भी, पीछे की भी." "निकलना नहीं है साहब?" "अभी नहीं." मी छताच्या पाइपाले ओळंबा बांधला, खाली पट्टी ठेवली. बायका पायऱ्यांवरून पाहून राहिल्या. पूजा आहे का काही, कोणीतरी विचारलं. मी म्हटलं, "अर्ध्या जणी या आधी. अठरा. अन् सगळ्या डाव्या बाजूले बसा, काठावर." त्यांना वाटलं फोटो आहे. आल्या, साड्या सावरत, एकमेकींना ढकलत, आई सगळ्यांच्या पुढे. घाटाजवळ पाणी कमरेपर्यंतच होतं, ते मी काठीनं आधी मोजून घेतलं होतं. पहिल्या सहा बसल्या तेव्हाच ओळंबा बेचाळीसच्या पुढे गेला. मी ती खूण पाहून राहिलो. बेचाळीस. खुर्चीत बसून लिहिलेला आकडा, त्याच्यावरून दोरा असा निघून गेला जसा एखादं गाव आलं आणि गेलं. बारा जणी, नव्वद. वर ती लोखंडी अक्षरं कुरकुरली. "साहब," देवीदास म्हणाला. चौदा. मी म्हटलं, थांबा. पण गोदावरीकाकू मागून येतच होत्या, पंधराव्या, हातात ओटीचं ताट, "सरका गं, मले तिकडून पाहू द्या पाणी," आणि त्या कठड्याले टेकल्या.

पाणी उसळून वगैरे नाही आलं. कठड्यावरून एक पातळ चादर आत आली, अगदी चूप, आणि काकूंच्या पायावर पसरली. ओळंबा पट्टीच्या बाहेर लटकत होता. दीडशेची पट्टी होती. देवीदास पाण्यात उडी मारून खांदा लावून उभा राहिला आणि ओरडला, "उठो दाई, बीच में आओ, एक-एक करके, दौड़ना मत!" बायका ओरडल्या, पण दोर घट्ट होते. एक-एक करून मधात आल्या, मंग पायऱ्यांवर. गुडघ्यापर्यंत भिजलेल्या काळ्या साड्या. साबणदाण्या तरंगत होत्या, तांदूळ पाण्यावर पसरले होते, एक नारळ बोटीच्या तळात इकडून तिकडे गडगडत होता.

कोणाले काही लागलं नाही. मी मोजलं, दोनदा.

मंग मी पायरीवर उभा राहून ते वाक्य म्हटलं. जिन्यात म्हटलं होतं तेव्हा ते लांब होतं. इथं लहान निघालं. "ही चाचणी मी नोव्हेंबरात केली नव्हती. न करताच सही केली."

"म्हणजे न पाहता?" गोदावरीकाकू म्हणाल्या. ताट अजून त्यांच्या हातात होतं, रिकामं.

"हो."

"आणि वनमाला गावभर सांगत फिरते, माझ्या पोरानं पास केली."

देवश्रीनं मले विचारलं, "भैया, मतलब हम लोग बीच में होते तो?" ती बांधाच्या मधल्या पाण्याकडे पाहत राहिली, तिकडे ऊन चकाकत होतं, खूप छान दिसत होतं.

मी बॅगेतून कोरा फॉर्म काढून त्यावर लिहिलं, आधीची चाचणी झाली नव्हती, आज पंधरा जणांवर झाली, नापास, बोट बंद. फोटो काढून साहेबांना पाठवला. त्यांचं एक प्रश्नचिन्ह आलं. मंग फोन यायले लागला. खिशात तो थरथरत राहिला, थांबला, परत थरथरला, जिवंत काहीतरी असावं तसा. देवीदास पायरीवर बसून गमछा पिळत होता. "हव साहब," तो एवढंच म्हणाला, मी काही विचारलं नसताना.

आई सगळ्यांपासून थोडी बाजूले बसली होती, पदर पिळत. मी जवळ गेलो. तिनं वर पाहिलं नाही. मले वाटलं ओरडेल, रडेल. तिनं विचारलं, "तो रोहू याच्यासाठीच होता का?"

"हो."

ती बराच वेळ पदर पिळत राहिली. पाणी निघायचं थांबलं तरी पिळत राहिली. "मुंडकं मीच खाल्लं," ती म्हणाली. मंग तिनं उजवा हात नाकाजवळ नेला, कुंकवानं लाल झालेली बोटं, आणि वास घेतला. मी पाहिलं ते. तिनं मले पाहताना पाहिलं. तिच्या तोंडावर जे आलं ते मी मालधक्क्याच्या त्या भातापासून शोधत होतो, आणि आता ते आलं तर मले पाहवलं नाही.

गोदावरीकाकूंनी ठरवलं की ओटी घाटावरूनच भरायची, उघड्या पायरीवरून, पाण्यात उतरून. एक-एक जणीनं. बायका रांगेत उभ्या राहिल्या, आता कोणी कोणाले ढकलत नव्हतं. आईची पाळी आली तेव्हा तिच्याजवळ नारळच नव्हता, तो बोटीत पडला होता. मी बोटीत उतरलो, तळातल्या पाण्यातून तो काढला, पँटले पुसला आणि तिच्यापुढे धरला. खिशात फोन वाजत होता. तिनं नारळ घेतला, माझ्या बोटांना बोट न लावता, वरून. खाली वाकली आणि तो पाण्यात धुतला. फिरवून फिरवून, शेंडीत बोटं घालून. एकदा धुतला, पाहिला, परत धुतला. मागं रांग थांबली होती. ती तिसऱ्यांदा धुवायले लागली.